चुकलेले गुरुवार

माझी थोरली बहीण कवळ्या बनवते. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग आपल्याच दातांवरून जीभ फिरवून बघतात आणि शेवटी घरातल्या कुणाच्या तरी कवळीची तक्रार सांगायला लागतात. ताईला याचा इतका कंटाळा आला आहे, की एखाद्या समारंभात कुणी ‘आपण काय करता?’ असं विचारलं तर ती ‘नोकरी’ एवढंच सांगते आणि ताटाकडे बघते.

तिची लॅब एका औषधांच्या दुकानाच्या वर आहे. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून ही प्लास्टरचा जबडा ओतते, मेणाच्या हिरड्या करते आणि त्यांत एकेक दात बसवते. खोलीत तापलेल्या मेणाचा वास, पॉलिशच्या यंत्राची घरघर आणि सगळ्या टेबलांवर प्लास्टरची पिठासारखी भुकटी. ज्या माणसासाठी ती कवळी करते त्याचं तोंड तिला कधीच दिसत नाही. तिने जीव ओतून केलेली वस्तू बऱ्याचदा कुणाच्या तरी कपाटात, पाण्याच्या पेल्यात पडून राहते, हे मात्र तिला कळायचं आणि ते तिला फार लागायचं.

“अगं, नवी कवळी म्हणजे नवा बूट,” ती म्हणायची. “थोडे दिवस चावणारच. पण हे कुणी सांगतच नाही त्यांना. मग बिचारे घाबरून काढून ठेवतात.”

तेच सांगायला तिने ब्लॉग सुरू केला. पहिला लेख होता, नव्या कवळीने ‘स’ म्हणताना शिट्टी का वाजते यावर. मी तो वाचला आणि बहीण म्हणून छान म्हटलं. पण पुढे खरंच लोक वाचायला लागले. कुणाची आई कित्येक वर्षांनी सफरचंद खायला लागली होती, कुणाच्या काकांना बोलताना कवळी पडण्याची भीती वाटत होती, कुणाला ती गरम पाण्याने धुवायची की गार हे विचारायचं होतं. ताई प्रत्येकाला उत्तर द्यायची. शाळेत कधी निबंधाला शाबासकी न मिळालेली माझी बहीण एकदम लेखिका झाली.

मग तिने कुठेतरी वाचलं, की ब्लॉग टिकवायचा तर नियमितपणा हवा. झालं! ब्लॉगच्या डोक्यावर ठळक अक्षरांत पाटी लागली : ‘दर गुरुवारी सकाळी नऊ वाजता’.

सुरुवातीला हे जमलंही. बुधवारी लॅब लवकर सुटायची, भाची क्लासला असायची, भावोजींची गोदामातली पाळी संध्याकाळची असायची. घर रिकामं. हॉलमधल्या खिडकीपाशी एक छोटं टेबल होतं, तिथे बसून ताई लिहायची. त्या वेळात मी फोन केला तर सरळ कापायची. गुरुवारी नवाच्या ठोक्याला लेख हजर. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट पूर्णपणे तिच्या हातात होती.

मग तिचे सासरे न्हाणीघरात घसरून पडले.

नाना तोवर आपल्या घरी एकटेच राहत होते आणि कुणाच्या बापाचं ऐकत नव्हते. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि दवाखान्यातून ते थेट ताईच्या हॉलमध्ये आले. त्यांच्यासाठी पलंग आला, वॉकर आला, पाठ टेकायला उशांचा ढीग आला. खिडकीपाशी उजेड बरा म्हणून पलंग तिथेच लागला आणि टेबलावर औषधं, थर्मास, चष्मा, नानांचा रेडिओ. ताईने लॅपटॉप उचलून आधी जेवणाच्या टेबलावर नेला, तिथून स्वयंपाकघराच्या ओट्यावर, आणि शेवटी पलंगाखालच्या बॅगेत ठेवून दिला.

त्याच सुमाराला लॅबमधली तिची जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिच्या जागी माणूस आणतो, असं मालक रोज म्हणायचे. आणला नाही. बुधवारची लवकरची सुट्टी गेली.

“मग आता लिहिणं थोडं कमी कर,” मी म्हटलं.

“कमी कर म्हणजे? वर पाटी लावलीये मी!”

“मग पाटी काढ.”

ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

गुरुवार चुकू द्यायचा नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात बसलं होतं. बसच्या रांगेत ती फोनवर लिहायची. मेण तापेपर्यंत दोन ओळी, नानांची आंघोळ उरकून दोन ओळी, भाचीच्या शाळेतल्या पालकसभेत बाकाखाली फोन धरून दोन ओळी. तिथल्या वर्गशिक्षिकेने तिला सगळ्यांदेखत टोकलं. हातांना प्लास्टर लागलेलं असलं की फोनला बोलून मजकूर सांगायची. फोन आपल्या मनाने ऐकायचा. एका गुरुवारी ‘रुग्णाने जबडा हळूहळू उघडावा आणि मग बंद करावा’ याचं त्याने ‘रुग्णाने झगडा हळूहळू उघडावा आणि मग बंद करावा’ असं केलं, आणि ताईने न तपासता ते टाकून दिलं. खाली लोकांनी हसूनहसून लिहिलं होतं. कुणी विचारलं होतं, झगडा उघडायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते का? मला फार हसू आलं. ताई रडली.

घरात बुधवार आला की सगळे पाय न वाजवता चालायला लागले. नानांनी पाणी मागितलं की ताई पाणी द्यायची, पण पेला असा आपटायची की अर्धं पाणी टेबलावर. भाची एकदा म्हणाली, “आई, दर आठवड्याला तुझी परीक्षा असते का गं? आणि नापास झालीस तर कोण ओरडणार आहे?” भावोजी स्वभावाने शांत आहेत. त्यांनी एकदाच विचारलं, “या आठवड्यात राहिलं तर चालणार नाही का?”

“तुझ्या गोदामातला ट्रक या आठवड्यात राहिला तर चालेल का?” ताई म्हणाली.

“ट्रकची माणसं वाट बघत असतात.”

“माझ्या लेखाची बघत नाहीत, असं म्हणायचंय तुला.”

भावोजींनी जेवण उरकलं आणि चकार शब्द न काढता भांडी घासायला घेतली. त्याने ताई आणखीच भडकली. भांडायला माणूस तरी हवा!

शेवटी तिने एक शहाणपणाचा मार्ग काढला, असं तिला तरी वाटलं. एका रविवारी मी जाऊन नानांजवळ दिवसभर बसले, आणि ताई माझ्या घरी, माझ्या झोपायच्या खोलीत दार लावून बसली. संध्याकाळपर्यंत तिने महिनाभर पुरतील एवढे लेख लिहून काढले आणि तारीख-वेळ घालून रांगेत लावून दिले. आता गुरुवार आला की लेख आपोआप जाणार. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा आजारातून उठलेल्या माणसासारखा हलका दिसत होता. “सुटले बाई,” ती म्हणाली.

त्यांतला एक लेख विनोदी होता. त्याचं नाव ‘खिशातली कवळी’. एक हट्टी म्हातारा कवळी तोंडात न घालता रुमालात गुंडाळून खिशात ठेवतो, पाहुणे आले की पाठ फिरवून घाईघाईने बसवतो, आणि एकदा त्या गडबडीत उलटी बसवतो. नाव कुणाचं नव्हतं. पण रेडिओ होता, वॉकर होता आणि ‘मला कुणी शिकवू नका’ हे पालुपद होतं. ज्याने नानांना एकदा पाहिलंय, त्याला ओळखायला वेळ लागला नसता.

पहिले दोन गुरुवार सुरळीत गेले. ताईने आमच्या आईला फोन करून सांगितलं, की घडी बसली.

तिसऱ्या आठवड्यात नानांना ताप आला, छातीत कफ भरला आणि मंगळवारी त्यांना पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. अतिदक्षता विभाग, ऑक्सिजन, दाराबाहेर लोखंडी खुर्च्या. ताईची नणंद दुसऱ्या गावाहून रातोरात आली. भावोजींची ही धाकटी बहीण ताईच्या ब्लॉगची पहिल्यापासूनची वाचक. स्वतःच्या मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, ‘माझी वहिनी लिहिते’. नवा लेख ईमेलने यावा म्हणून तिने नाव नोंदवून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, आणखी एक दिवस बघू. नणंद डोळे पुसत खुर्चीत बसली. ताई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मीही तिथेच होते, चहाचे पेले घेऊन. तेवढ्यात नणंदेचा फोन वाजला. तिने सवयीने बघितला.

आधी तिला नीट कळलंच नाही. ती वाचत राहिली. मग तिने मान वर केली.

“वहिनी, हे तू आज टाकलंस?”

ताईने वाकून तिच्या फोनमध्ये बघितलं. रांगेत काय लावलंय याची तिला आठवणसुद्धा नव्हती. “अगं, ते आपोआप... ते मी आधीच...”

“बाबा आत नाकात नळ्या घालून पडलेत आणि तू त्यांच्या दातांवर विनोद करतेस?”

“आधी लिहिलं होतं गं. तारीख घालून ठेवली होती. मी आता लगेच काढते.”

पण काढणं काही सोपं नव्हतं. फोनवर ब्लॉग उघडेना. उघडला तर पासवर्ड मागायला लागला. ताईने घातला, चुकला. पुन्हा घातला, चुकला. मग तो म्हणाला, नोंदवलेल्या क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे. नोंदवलेला क्रमांक भावोजींचा, आणि भावोजी तळघरातल्या औषधांच्या खिडकीपाशी, जिथे फोनला एक दांडीही येत नाही. ताई जिना उतरून धावत गेली आणि त्यांचा फोन घेऊन रेंज येईल अशा जागी आली. ओटीपी आला तोवर त्याची मुदत संपलेली. पुन्हा मागितला. इकडे लेखाखाली वाचकांच्या प्रतिक्रिया यायला सुरुवात झाली होती. ‘हाहा, आमचे आजोबा अगदी असेच!’ तिने लेख काढला तेव्हा ज्यांना ईमेल जायचं त्यांना ते केव्हाच गेलं होतं. ते परत बोलावता येत नव्हतं.

ती वर आली तेव्हा नणंद दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसली होती. मधल्या खुर्च्या रिकाम्या. ताई त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत भिंतीला टेकून उभी राहिली. मला म्हणाली, “कशासाठी केलं मी हे सगळं? एक गुरुवार राहिला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?” आधी हेच आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. मी चहाचा पेला तिच्या हातात दिला. तो तिने तसाच धरून ठेवला.

नाना वाचले. काटक माणूस. पुढच्या आठवड्यात घरी आले, आधीपेक्षा निम्मे होऊन. नणंद दारापर्यंत पोचवायला आली, भावाशी बोलली, भाचीला जवळ घेतलं आणि ताईला ‘येते’ एवढंही न म्हणता गेली.

मधल्या काळात ताईने ब्लॉग उघडलाच नाही. रांगेतला उरलेला लेख तिने काढून टाकला होता. गुरुवार आले आणि गेले. नऊ वाजले की ती घड्याळाकडे बघायची. लोक काय म्हणत असतील, किती जण सोडून गेले असतील, या विचाराने ती आतल्या आत कुढायची. आणि गंमत अशी, की वेळ मिळाला तरी ती लिहीत नव्हती. नियम मोडलाच आहे तर आता कशाला, असा एक विचित्र राग.

नानांना त्या लेखाबद्दल कुणी सांगितलं, ते अजून कळलेलं नाही. मला नणंदेचा संशय आहे, ताईला भाचीचा. एका दुपारी ताई त्यांना सूप देत होती तेव्हा ते म्हणाले, “माझ्यावर लिहिलंस म्हणे.”

ताईचा हात थांबला. “चुकलं माझं, नाना.”

“चुकलंच. खोटं लिहिलंस. कवळी उलटी कधी बसवली मी?”

“ते जरा वाढवून...”

“आणि खिशात ठेवतो ते हौसेने नाही. टोचते ती. खालची. डाव्या बाजूला. हे का नाही लिहिलंस?”

“टोचते? कधीपासून?”

“इथे आलो तेव्हापासून. तू सारखी त्या यंत्रात डोकं घालून. कुणाला सांगणार?”

ताई मला हे सांगताना दात-ओठ खात होती, स्वतःवरच. दिवसभर अनोळखी माणसांच्या कवळ्या घासणारी ही बाई, अनोळखी माणसांना ‘टोचत असेल तर अंगावर काढू नका’ असं लिहिणारी, आणि घरातला म्हातारा तिच्याच ओट्यापासून हाकेच्या अंतरावर दुखऱ्या हिरडीने पातळ सूप गिळत होता. तिला वाटत होतं, हट्ट आहे. तिने टॉर्च आणला, नानांना तोंड उघडायला लावलं. आत डाव्या बाजूला लालभडक जखम. दुखण्यात वजन उतरलं होतं, जबड्यावरची हिरडी आटली होती आणि जुनी कवळी सैल होऊन हलत होती, घासत होती.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. जखम भरल्यावर डॉक्टरांनी नवं माप घेतलं आणि ताईने लॅबमध्ये कवळीला आतून नवं अस्तर दिलं. बसवून बघितली तर आता उजवीकडे टोचायला लागली. पुन्हा घासली. मग नानांना बोलताना जड वाटायला लागली. ताईने तीन वेळा काम केलं आणि नानांनी तीनही वेळा नाक मुरडलं. अजूनही ते म्हणतात, आधीच्या कारागिराचा हात बरा होता. पण जेवतात ती घालून.

त्यानंतर कधीतरी तिने धीर करून ब्लॉग उघडला. तिला वाटलं होतं, तक्रारींचा ढीग असेल. तसं काही नव्हतं. दुखऱ्या हिरडीवर काही लिहिलंय का, असं एका बाईंनी विचारलं होतं. एकाने टक्कल घालवण्याच्या तेलाची जाहिरात चिकटवली होती. बाकी सामसूम. इतके गुरुवार चुकले आणि कुणी विचारलंसुद्धा नाही!

“म्हणजे कुणी वाटच बघत नव्हतं,” ती मला फोनवर म्हणाली. मला वाटलं होतं, तिला सुटल्यासारखं वाटेल. उलट तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. “मी जिवाचा आटापिटा केला, नवऱ्याशी भांडले, नणंद तोडली, शाळेत बोलणी खाल्ली, आणि यांना पत्तासुद्धा नाही!”

“त्या बाईंनी विचारलंय ना?”

“त्यांनी हिरडीचं विचारलंय. गुरुवारचं नाही.”

“मग हिरडीचं लिही,” मी म्हटलं.

त्या वेळी तिने फोन आपटला. पण त्याच आठवड्यात तिने ब्लॉगवरची पाटी काढली. त्या जागी काय लिहावं यावर भाचीशी तिची बरीच घासाघीस झाली. भाची म्हणाली, काहीच लिहू नकोस. तिने काहीच लिहिलं नाही.

हिरडीचा लेख मात्र सहज झाला नाही. तो नानांवरच होता आणि या वेळी तिने त्यांना विचारलं होतं. ते तिला महागात पडलं. नाना रोज मजकूर वाचून घ्यायचे आणि रोज काहीतरी बदलायला लावायचे. ‘म्हातारा’ नको, ‘ज्येष्ठ’ तर अजिबात नको. दुखत होतं हे लिही, पण विव्हळत होतो असं लिहू नको, मी विव्हळत नव्हतो. मधे भाचीला कांजिण्या झाल्या. मधे लॅबमधल्या यंत्राचा पट्टा तुटला आणि साठलेलं काम तिला दोन रविवार जाऊन उपसावं लागलं. आधीची ताई असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळीही तिने घेतलं, पण थोडं कमी. लेख अर्धवट तसाच पडून राहायचा, आणि ती दात आवळून म्हणायची, “पडू दे.”

तो एका सोमवारी दुपारी, भलत्याच वेळी गेला. नणंदेने वाचला असावा, कारण संध्याकाळी तिचा भावोजींना फोन आला आणि शेवटी ती म्हणाली, “वहिनीला दे जरा.” ताईने घाबरत फोन घेतला. नणंदेने बाबांच्या औषधांचं विचारलं, हिरडीवरच्या मलमाचं नाव लिहून घेतलं आणि ठेवला. लेखाबद्दल एक शब्द नाही. अजून त्या दोघींचं पूर्वीसारखं नाही. होईल की नाही, मला सांगता येत नाही.

आता ताई लिहिते, पण तिचा काही नेम नसतो. कधी एका आठवड्यात दोन लेख येतात, कधी महिनाभर काही नाही. वेळ नसला की ती एखाद्याच्या प्रश्नाचं चार ओळींत उत्तर टाकते आणि त्यालाच लेख म्हणते. तयार असलेलं एखादं लिखाण बाजूला ठेवून देते, पण त्याला तारीख घालत नाही. जायच्या दिवशी स्वतः वाचते, घरात काय चाललंय ते बघते आणि मगच सोडते. पूर्वी वाचायचे तेवढे लोक आता वाचत नाहीत, आणि ते तिला सलतं. मी ‘होतं असं’ म्हटलं की ती म्हणते, “तुला काय जातंय म्हणायला!”

परवा मी गेले होते. नाना पलंगावर रेडिओ ऐकत होते, भाची त्यांच्या पायाशी अभ्यास करत होती आणि ताई ओट्यापाशी उभी राहून लिहीत होती. दातांचा रंग कसा निवडावा यावर. पांढरेशुभ्र दात का मागू नयेत, हे ती बरेच दिवस लिहायचं म्हणत होती. तिने मला नुसती मान हलवून बसायला सांगितलं. तेवढ्यात लॅबमधून मालकांचा फोन आला. कुणाची तरी कवळी पडून फुटली होती आणि त्या माणसाला उद्या प्रवासाला जायचं होतं.

“आत्ता?” ताई ओरडली. “आत्ताच फुटायची होती ती?”

तिने लॅपटॉप धाडकन मिटला, मालकांना आणि त्या अनोळखी प्रवाशाला जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं आणि चपला घातल्या. दारातून मागे वळून मला म्हणाली, “नानांना सात वाजता गोळी दे. आणि बस जरा, येतेच मी.”

ती यायला बराच उशीर झाला. दातांच्या रंगाचा लेख अजून आलेला नाही.